२.२१ टक्के कुणाला मोजून?

वर एकांनी लिहिलंय की देशात अपंग जेमतेम २.२१ टक्के, मग प्रत्येक इमारतीला रॅम्पचा आग्रह कशाला? हा आकडा २०११च्या जनगणनेचा, २ कोटी ६८ लाख माणसांचा. तेव्हा अपंगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले, थॅलेसेमिया आणि पार्किन्सनसुद्धा त्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १६ टक्के, म्हणजे सहांत एक.

इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत विचारून बघा, ‘घरात कुणी अपंग?’ ‘नाही’ असंच उत्तर येईल. आजींचे गुडघे गेलेत, काकांना ऐकू येत नाही, पण ते वयाच्या खाती. त्याच आजींना अरुंद लाकडी जिना उतरवत नाही, म्हणून देवदर्शन सुटतं, भजनी मंडळ सुटतं, डॉक्टरकडे जाणंही पुढे ढकललं जातं. हे कुठल्या टक्केवारीत धरायचं?

आणि रॅम्प म्हणजे स्कूटर चढवायला ओट्याला लावलेला सिमेंटचा उतार नव्हे. उंचीला लांबीचं प्रमाण एकास बारा हवं. दोन फूट ओट्याला २४ फूट लांबी. त्याहून उभ्या उतारावर व्हीलचेअर एकट्याने चढवणं फार अवघड, उतरताना उलटायची भीती. एवढी जागा नसेल तिथे जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि पायरीच्या कडेला पिवळा पट्टा तरी या दिवाळीच्या रंगकामात करून घ्या.