हॉट डॉगवर तुम्ही काय घालता, आणि कोणत्या क्रमाने?

मंडळी, चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) तोंडावर आलाय, अंगणात ग्रिल बाहेर निघतील. तर होऊन जाऊ द्या. फक्त 'आम्ही मस्टर्डवाले' (म्हणजे मोहरीच्या सॉसवाले) एवढ्यावर सुटका नाही. काय घालता, किती, आधी काय नंतर काय आणि बिघडतं कुठे, तेही लिहा. केचपवरून भांडण झालं तरी चालेल.

शिकागोकर
सुरुवात आमच्यापासूनच व्हायला हवी. ऑल-बीफ सॉसेज, खसखस लावलेला वाफवलेला बन आणि त्यावर सात गोष्टी, याच क्रमाने: पिवळं मस्टर्ड, भडक हिरवं गोड रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं), बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या अर्धचंद्र फोडी, डिल पिकलची (शेपू घातलेल्या आंबट काकडीच्या लोणच्याची) उभी फाक, दोन-तीन स्पोर्ट पेपर्स (व्हिनेगरमधल्या छोट्या हिरव्या मिरच्या) आणि शेवटी सेलरी सॉल्ट (सेलरीच्या बियांची पूड मिसळलेलं मीठ). टोमॅटो सॉसेजच्या एका अंगाला, पिकल दुसऱ्या अंगाला खोचायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार मिळतो आणि चावताना काही घसरत नाही. सेलरी सॉल्ट चिमूटभरच आणि अगदी खायच्या वेळी. आधी भुरभुरलं की टोमॅटोला पाणी सुटतं आणि बनचा तळ लगदा होतो. टोमॅटो फार रसाळ असेल तर बियांचा गर काढून टाका.

सॉसेज खळखळत्या पाण्यात टाकू नका. उकळी आली की गॅस अगदी बारीक करून आठ-दहा मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात आवरण फुटतं, मग चरबी आणि मसाला पाण्यात जातो आणि हातात राहतं फिकट रबर. नैसर्गिक आवरणाचं सॉसेज घ्या, दाताखाली 'कट्' वाजलं पाहिजे. व्हिएन्ना बीफ या सॉसेज कंपनीचं मूळ शिकागोच्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनात आहे, इथे बहुतेक गाड्यांवर त्यांचंच मिळतं.

केचप? रेलिश गोड आहे, टोमॅटो आधीच आहे. केचप आणखी काय देणार, साखरच ना!

जर्सीवाला
शिकागोकर, तुमचं ते सॅलड झालं. न्यूयॉर्कच्या गाडीवर तीनच गोष्टी: तपकिरी तिखट मस्टर्ड, सावरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि लाल रश्श्यातला कांदा. हा कांदा घरी सहज होतो. दोन मध्यम पिवळे कांदे पातळ उभे चिरा, एक टेबलस्पून तेलात मऊ होईपर्यंत परता, पण लाल करू नका. लाल झाला की गोडवा वाढतो आणि चव वेगळ्याच वाटेला जाते. मग दोन टेबलस्पून केचप, अर्धी वाटी पाणी, अर्धा टीस्पून तिखट, एक टीस्पून व्हिनेगर, नखभर दालचिनी पूड. झाकण न ठेवता वीस मिनिटं. चमच्यावरून ओघळणार नाही इतका आटला की झाला. (हो, आमचं केचप असं मागच्या दाराने येतं.) सावरक्राउट मुठीत घट्ट पिळूनच घाला, नाहीतर बनची वाट लागते.

मिशिगनहून
डेट्रॉइटचा कोनी हॉट डॉग: खिम्याचा सॉस, मस्टर्डची एक रेघ, वर मूठभर कच्चा कांदा. सॉसमध्ये राजमा-बीन्स नाहीत, असले तर तो कोनी नव्हे. खरी मेख खिम्याच्या दाण्यात आहे. कच्चा खिमा थंड पाण्यात हाताने कुस्करून पूर्ण मोकळा करायचा आणि मगच पातेलं गॅसवर ठेवायचं. आधी गरम तेलात टाकलात तर गुठळ्या होतात, त्या नंतर कशानेही मोडत नाहीत. बीफ नको असेल तर टर्कीचा खिमा चालतो, पण त्यात चरबी कमी, म्हणून दोन टेबलस्पून तेल वाढवा. काट्याने खा, लाजू नका.

टूसॉनची सून
सोनोरन (मेक्सिकोच्या सोनोरा प्रांताच्या पद्धतीचा हॉट डॉग)! सॉसेजला बेकन गुंडाळायचं, बोलिओ या मेक्सिकन पावात घालायचं, वर पिंटो बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयो, मस्टर्ड, हालापेन्यो सॉस. इथल्या 'एल ग्वेरो कानेलो' रेस्टॉरंटला २०१८मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला मानाचा खाद्य-पुरस्कार मिळाला, तोही याच पदार्थाच्या जोरावर. बेकन पातळच घ्या. जाड बेकन शिजेपर्यंत आतलं सॉसेज सुरकुततं. बेकनचं सुटं टोक खाली दाबून मध्यम आचेवर आधी तीच बाजू भाजा, म्हणजे काडी टोचावी लागत नाही. पाव पूर्ण कापायचा नाही, दोन्ही टोकं जोडलेली ठेवून खिसा करायचा. बीन्स निथळून घ्या.

घासफूसवाली
शाकाहारींसाठी गाजर. बनच्या लांबीचं, अंगठ्याएवढं जाड. सोललेली गाजरं मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं. सुरी जाताना किंचित अडली पाहिजे, लोण्यासारखी गेली तर ग्रिलवर मोडणार. मग चार गाजरांना पाव वाटी सोया सॉस, पाव वाटी पाणी, दोन टेबलस्पून व्हिनेगर, एक टीस्पून स्मोक्ड पॅप्रिका आणि दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या यांत रात्रभर मुरवून तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. यावर मस्टर्ड आणि आंबट पिकल हवंच, कारण गाजर मुळात गोड. रेलिश नको. आणि चिकन खाणाऱ्यांनो, पाकिटामागची घटकांची यादी वाचा. नुसतं समोरचं नाव बघून घेतलेल्या काही पाकिटांत पोर्कही असतं.

पणजीहून
चोरिस-पावचा (चोरिस म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज) पंथ उलटा. इथे पाव भिजायलाच हवा. चोरिसचे मणी सोडवून थोड्या पाण्यात झाकून शिजवायचे, पाणी आटलं की सुटलेल्या चरबीतच कांदा परतायचा. वेगळं तेल नको, मीठही नको. व्हिनेगर आणि मिरची आधीच आत आहे, मस्टर्ड लावलंत तर दोन्ही मरतात. पोईत (गोव्याच्या कोंड्याच्या पावात) भरा. हॉट डॉगचा बन गोडसर आणि लुसलुशीत, त्या तेलात विरघळतो.

नवखा
सॉसेज पाकिटात दहा आणि बन आठ. हे काय गौडबंगाल?

जर्सीवाला
चार पाकिटं सॉसेज, पाच पाकिटं बन, चाळीसला चाळीस. एवढी माणसं नसतील तर आठाची पाकिटंही मिळतात, नीट बघून घ्या. उरलेले बन त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, फ्रिजमध्ये ठेवले की कडक होतात. आणि गरोदर कोणी असेल तर तिचं सॉसेज आतपर्यंत वाफाळतं गरम झालंय ना बघा, थर्मामीटरवर ७४ अंश सेल्सियस. पाकिटातून काढून थेट थंड खाऊ नये, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो.