इटलीत डोंगराळ भागात सायकल, पण गाड्या नकोत – सल्ला हवाय

सांजवारा:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि नवरा इटलीला जायचं म्हणतोय, आठ दिवस फक्त सायकल. रोम-व्हेनिस आधी झालंय. आता टस्कनी, उंब्रिया असा भाग हवा, टेकडीवरची गावं, द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा वगैरे. पण मुख्य अट अशी की मागून गाडी येईल ही धास्ती नको. नवऱ्याला गेल्या वर्षी बाणेर रस्त्यावर रिक्षाने उडवलं, तेव्हापासून मागे हॉर्न वाजला की त्याचे हात हँडलवर ताठ होतात, म्हणून शांत रस्ता ही एकच गोष्ट महत्त्वाची, अंतर आणि वेग नंतर. दिवसाला ३०-४० किमी बास. बजेट विमान आणि व्हिसा सोडून दोघांत मिळून सव्वा लाख, त्याच्यावर जायचं नाहीये. सायकली तिथे भाड्याने घेऊ. दोघंही शाकाहारी. कुठला रूट घ्यावा?

घाटवेडा:
दुसरा विचारच करू नका, एरोइकाचा रूट. कियांतीत गायोले गावातून सुरू होतो, २०९ किमीचा लूप, वर्षभर पाट्या लावलेल्या असतात. १९९७ पासून तिथे ऑक्टोबरमध्ये जुन्या सायकलींची राइड होते, १९८७ च्या आधीची सायकल आणि लोकरीची जर्सी घालून लोक येतात. मी केलाय पूर्ण. मोंताल्चिनोच्या चढावर दोन जर्मन पोरांना मागे टाकलं होतं, पोटऱ्या पेटल्या होत्या पण सोडलं नाही. पांढऱ्या मातीचे रस्ते, दोन्ही बाजूंनी सरूची झाडं, आयुष्यात एकदा तरी करायलाच हवं. आणि गियर बघून घ्या, पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३४ दाते नसतील तर रडाल.

अनघा_के:
@घाटवेडा, त्यांनी ३० किमी म्हटलंय आणि तुम्ही साडेतीन हजार मीटरच्यावर चढ असलेला लूप सांगताय.
सांजवारा, आम्ही पॅकेज घेतलं होतं, ई-बाइक, सामान पुढच्या हॉटेलला आपोआप पोचतं, रात्री वाइन टेस्टिंग, गाइड सोबत. बजेट जरा ताणा, दुप्पट केलंत तरी पैसा वसूल आहे. पन्नाशीनंतर स्वतः बॅगा ओढायच्या कशाला? ई-बाइक तिकडे २५ च्या स्पीडपर्यंतच मदत करते, त्यामुळे भीती वाटत नाही, चढावर गप्पा मारत जाता येतं.

सांजवारा:
धन्यवाद दोघांना. पन्नाशीला अजून अवकाश आहे :) बजेट खरंच ताणता येणार नाही, मुलीची फी आहे. घाटवेडा, त्या पांढऱ्या रस्त्यांवर गाड्या असतात का?

घाटवेडा:
असतात पण कमी. शेतकऱ्यांच्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या टुरिस्टांच्या. कोरड्या दिवसात गाडी गेली की धूळ उडते एवढंच, थांबायचं, जाऊ द्यायची. घाबरण्यासारखं काही नाही.

इसारकाठ:
मी म्युनिकला असतो, वीकेंडला हेच करतो. टस्कनी विसरा. आल्पे-आद्रिया हा सायकल मार्ग करा. ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग ते इटलीत समुद्रावरचं ग्रादो ४०० किमीच्या वर आहे पण तुम्ही फक्त इटलीचा तुकडा घ्या, तार्विझियोपासून खाली. नवी रेल्वे बोगद्यांतून गेली आणि जुना लोहमार्ग मोकळा झाला, त्यावर डांबर टाकून सायकलींना दिलाय. तार्विझियो साडेसातशे मीटरवर, तिथून समुद्राकडे बहुतेक उतारच. जुने लोखंडी पूल, खाली हिरवंनिळं पाणी, डोक्यावर आल्प्स. क्यूझाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात सायकलवाल्यांसाठी कॅफे आहे, फलाटावर बसून कॉफी प्यायची. पुढे वेन्झोने, १९७६ च्या भूकंपात कोसळलेलं गाव, चर्चचे पडलेले दगड ओळखून ओळखून परत जागच्या जागी बसवलेत. गाड्यांचा प्रश्नच नाही डोंगरातल्या भागात.

दादरकर:
+१ आल्पे-आद्रिया. फक्त सायकल स्वतःची न्या. भाड्याच्या सायकलीची सीट आणि फ्रेम आपल्या मापाची नसते, तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

पॅनियर:
स्वतःची अजिबात नेऊ नका!! माझी नेली होती, विमान कंपनीचं नाव घेत नाही, बॉक्स उघडला तर मागच्या डिरेलरचा (गियर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, आत वाकलेला, सगळ्यात मोठ्या गियरवर टाकली की डिरेलर स्पोकला घासायचा. त्या मापाचा हँगर गावात कुणाकडे नाही. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पाना लावून हळूहळू सरळ केला, मधेमधे चाक फिरवून डोळा लावून बघत होता, पैसे घेईना. पण दीड दिवस गेला. नेणारच असाल तर सुटा हँगर जवळ ठेवा.

दादरकर:
पॅकिंग नीट असेल तर काही होत नाही. मी हँगर काढूनच ठेवतो.

पॅनियर:
पॅकिंग नीटच होतं.

रानवाट:
मंडळी, ते भाड्याने घेणार आहेत, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.
सांजवारा, तुम्हाला डोंगर पण हवेत आणि गाड्या नकोत, तर जुनी रेल्वे हाच उपाय. कारण सोपं आहे. तिकडची गावं टेकडीच्या माथ्यावर आणि जुना रस्ता गावागावातून वर-खाली जातो, त्यावर गाड्या असणारच. रेल्वेला तसा चढ चालत नाही, ती डोंगराला वळसे घालत, बोगदे पाडत जाते.
उंब्रियात स्पोलेतो ते नॉर्चा बघा. १९२६ ला सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे, १९६८ ला बंद, आता तिच्या वाटेवर सायकल चालते, साधारण ५१ किमी. सगळ्यात मोठा चढ हजाराला ४५, म्हणजे १:२२ च्या आसपास. आपल्या बोरघाटात १:३७ आहे आणि नेरळ-माथेरानला १:२०, तर माथेरानच्या गाडीचा रस्ता डोळ्यासमोर आणा, तसाच. सायकलीला हा चढ आरामात जमतो, सिंहगडाच्या निम्मा पण वाटत नाही. स्पोलेतो ते सांत अनातोलिया दी नार्को हा भाग सगळ्यात भारी, पूल संपला की बोगदा, बोगदा संपला की पूल, आणि बोगदे डोंगरातच गोल वळतात, आत शिरताना दरी डावीकडे आणि बाहेर पडल्यावर उजवीकडे.
सगळ्यात लांब बोगदा काप्रारेच्चाचा, जवळजवळ दोन किमी. आत दिवे नाहीत. हेल्मेटवरच्या छोट्या दिव्याने काही होत नाही, हँडलवर दणदणीत लाइट हवा, आणि एक सुटा. छतातून थेंब पडतात, खाली खडी ओली, बाहेर ऊन असलं तरी आत पाचच मिनिटांत दात वाजतात, जॅकेट बॅगेत तळाशी ठेवू नका. चमकणारं जॅकेट पण हवं, इटलीत बोगद्यात आणि गावाबाहेर रात्री सायकलवाल्यांना ते कायद्याने सक्तीचं आहे. टायर किमान ३८-४० मिमी रुंदीचे. २०१६ च्या भूकंपात नॉर्चाचं फार नुकसान झालं, मार्गाचे काही तुकडे अधूनमधून बंद असतात, निघण्याच्या आठवड्यात स्पोलेतोच्या टुरिस्ट ऑफिसला विचारून घ्या.

ऋतू:
रानवाट, फार छान प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

अनघा_के:
नॉर्चाला शाकाहारी काय खाणार? डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध गाव आहे, प्रत्येक दुकानाबाहेर रानडुकराचं मुंडकं टांगलेलं असतं.

रानवाट:
मसूर. जवळच कास्तेल्लुच्चोचे बारीक मसूर पिकतात, भिजवावे लागत नाहीत, त्याचं सूप सगळीकडे मिळतं. शिवाय ट्रफल (जमिनीखाली वाढणारी अळंबी) घातलेला स्त्रांगोत्सी पास्ता.

ऋतू:
टस्कनीत पिची आल्लाल्योने मागा, जाडा हाताने वळलेला पास्ता आणि टोमॅटो-लसणाचा सॉस, मांसाचा संबंध नाही. रिबोल्लिता पण चालेल, शिळ्या पावाचं भाजी घातलेलं सूप. पाव अळणी असतो, पहिल्या घासाला विचित्र वाटतं. मात्र पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं, कडक पाळत असाल तर नको म्हणून सांगावं लागतं.

दादरकर:
एवढं बघत बसलं तर उपाशी राहाल. आम्ही चीज म्हणजे चीज समजून खाल्लं.

ऋतू:
ज्याला पाळायचंय त्याला माहीत असायला हवं म्हणून लिहिलं. ठेपले न्या, ते सगळ्यात खात्रीचं. आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद, जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर थेट साडेसातला. आम्हाला एकदा तीन वाजता अख्ख्या गावात एक केळंसुद्धा मिळालं नाही.

घाटवेडा:
कुत्र्यांचं कुणीच लिहिलं नाही. मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरी केसाळ मारेम्मानो कुत्री असतात, मोठी. अंगावर आली तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल कुत्रा आणि तुमच्या मधे धरा, न बघता हळू चालत कळपापासून लांब जा. कळप मागे पडला की ती आपोआप फिरतात.

सांजवारा:
बापरे, हे बरं सांगितलंत. रानवाट, दोन किमी अंधार ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. कुणी टस्कनीत अरेत्झो ते क्यूझी कालव्याकाठचा रस्ता केलाय का? सेंतिएरो देल्ला बोनिफिका म्हणून. ६२ किमी आहे म्हणे.

इसारकाठ:
सपाट आहे तो. डोंगर बघायला जाताय ना?

घाटवेडा:
कंटाळा येईल. एका बाजूला कालवा, एका बाजूला मका. एवढे पैसे खर्चून इटलीला जाऊन सपाटीवर सायकल? आल्पे-आद्रिया तरी करा त्यापेक्षा.

अनघा_के:
हो सपाटच आहे. त्यापेक्षा ई-बाइक घेऊन कियांती.

पाणथळ:
मी केलाय, आणि कंटाळा आला नाही. पूर्वी सगळी दलदल होती. लिओनार्दो दा विंचीने १५०२-०३ च्या सुमारास या खोऱ्याचा नकाशा काढला होता, आणि पुढे फोस्सोम्ब्रोनी नावाच्या इंजिनियरने गाळ साठवून साठवून ती जमीन वर आणली. कियाना नदी पूर्वी दक्षिणेला तिबेरकडे वाहायची, आता उत्तरेला आर्नोकडे वाहते, अख्खी नदी उलटी फिरवलीय. तुम्ही सायकल चालवता तो त्याच कालव्याच्या देखभालीचा रस्ता, बारीक खडीचा. गाडी नाही. सावली पण फार नाही, तेव्हा सकाळी निघा.
टेकड्या दोन्ही बाजूंना सतत दिसतात. कोर्तोना जवळजवळ ५०० मीटरवर, स्टेशन खाली कामुचात, सायकली खाली ठेवून बसने वर जाता येतं. फिरेन्झे (फ्लॉरेन्स)-रोम रेल्वे जवळूनच जाते, कुणी दमलं तर साध्या रेजिओनाले गाडीत बसा, सायकलीचं वेगळं तिकीट साडेतीन युरो, डब्यावर सायकलचं चित्र असलेली गाडी बघून. फास्ट फ्रेच्चा गाड्यांत उभी सायकल घेत नाहीत.
बजेटचं म्हणाल तर शेतावर स्वयंपाकघरवाली खोली घ्या एकाच ठिकाणी, तीन-चार रात्री घेतल्या की भाव कमी होतो, रोज बॅगा बांधायच्या नाहीत.

दादरकर:
वरती रानवाट यांनी लिहिलंय तसं जुनी रेल्वेच बेस्ट. लाइट मात्र चांगला घ्या.

सांजवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं लिहिलंत. ठरलं आमचं. कालवाच करतोय. बहुतेकांनी नको म्हटलंय ते वाचलं, दोघांनी बसून बोललोही. पण आम्हाला डोंगर चढायचेच आहेत असं नाही, ते बाजूला असले तरी पुरे, आणि चढायचा की नाही ते त्या दिवशी ठरवू. कामुचाजवळ शेतावर खोली बघितलीय, चूल-भांडी आहेत, पाच रात्री. एक दिवस त्रासिमेनो तळ्याकाठी. उरलेल्या तीन रात्री स्पोलेतोत, तिथून असिसीकडे सपाट सायकल रस्ता आहे तो करू. जुन्या रेल्वेवर पहिल्या मोठ्या बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत येऊ, आत शिरायचं की नाही ते नवऱ्यावर सोडलंय. लाइट दोन घेतले. सायकली साध्या, ई-बाइक नाही.

घाटवेडा:
तुमची मर्जी. पण एक दिवस तरी पांढऱ्या रस्त्यावर काढा, मोंतेपुल्चानो तिथून लांब नाही.

रानवाट:
छान ठरलंय. बोगद्याच्या तोंडाशी पोचलात की आधी नुसतं उभं राहून आत लाइट मारून बघायला सांगा त्याला. सकाळी लवकर गेलात तर आत कुणी नसतं.

ऋतू:
धागा वर काढतेय, माझा प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे, कालव्याच्या रस्त्यावर त्याच्या मापाची सायकल भाड्याने मिळेल का?

पाणथळ:
मिळते, पण दुकानात एखाद-दोनच असतात. आधी मेल टाका, वय लिहू नका, उंची सेंटिमीटरमध्ये लिहा.