अनुभव धागा : नशिबात होतं की हातात होतं?

सांगलीत आमच्या गावभागातल्या घरी माजघराच्या चौकटीवर खिळ्यानं ओढलेली रेघ आहे : 2005. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून चढतच होतं. सगळे म्हणत होते, निघू या. आबांनी रेघेकडं बोट केलं. "तेवढ्या महापुरात हितंच थांबलं हुतं. ह्याच्या वर येत न्हाई." कृष्णामाई 57 फुटांच्या पुढं गेली. आम्ही बोटीतनं बाहेर पडलो. आईचं शिलाई मशीन, लग्नातलं कपाट, सगळं गाळात. पुढं दोन वर्षं आबांचं एकच, "माझं चुकलं." आईचं एकच, "प्रारब्ध." मला दोन्ही पटेना. तुमचं काय? ऐकीव नको, स्वतःवर गुदरलेलं लिहा.

सावळजहून
नशीब म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला विचारा. फळछाटणीची तारीख आपण ठरवायची आणि पुढं चाळीसेक दिवसांनी फुलोऱ्यात पाऊस आला की गळ, कूज, संपला विषय. एका साली दर मिळावा म्हणून सप्टेंबरात छाटली. ऐन फुलोऱ्यात तीन दिवस झड. बांधाशेजारचा उशिरा छाटून सुटला. पुढच्या साली मी उशिरा छाटली, तर तयार माल अवकाळीत तडकला. तो आधीच विकून मोकळा! रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढून फवारायचो. बायको म्हणायची, "पावसाला तारीख कळवली हुती का तुम्ही? झोपा आता." हल्ली बाग दोन तुकड्यांत छाटतो, मध्ये पंधरा दिवस. एक गेला तर गेला. अक्कल म्हणा नाहीतर दैवाचा वाटा म्हणा. औषध दुकानाची उधारी मात्र दोन्ही तुकड्यांची होते.

विश्रामबागेतून
पुराला प्रारब्ध म्हणू नका राव. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठच्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, बांधकामं माणसांनी केली, धरणाचे दरवाजेही माणसंच उघडतात. आबांना बोल लावू नका, पण देवाच्या माथीही मारू नका.

मिरजेहून
आईच्या छातीत जळजळत होतं. मी म्हणाले, सकाळी दाखवू. पहाटे ती गेली. मामा कीर्तनातले. त्यांनी समजावलं, कर्म तीन प्रकारचं, संचित म्हणजे भात्यातले बाण, प्रारब्ध सुटलेला, क्रियमाण हातातला. सुटलेल्याच्या मागं धावू नये. ऐकायला बरं वाटलं, झोप काही आली नाही. तिच्या उशाखाली ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी सापडली, दोन गोळ्या काढलेल्या. मीच दिली होती. पाच वर्षं पर्समध्ये बाळगली. मग एकदा आमच्या डॉक्टरांपुढं बोलून गेले. ते म्हणाले, "त्या रात्री तुम्हाला जळजळच माहीत होती ना? हार्ट अटॅक आज माहीत आहे." पट्टी अजून टाकवत नाही. पर्समधून कपाटात गेलीय.

पुन्हा गावभाग
ताई, तुमचं आबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, बराच वेळ चष्मा पुसत बसले. चौकटीवर आता 2019 ची रेघही आहे, माझ्या डोक्याच्या वर. 2021 चं पाणी तिथवर गेलं नाही, तरी आबांचा रेघेवरचा विश्वास उडालाय. इशारा 40 फुटांना असतो. हे 35 लाच कागदपत्रांची पिशवी माळ्यावर चढवतात. गल्ली हसते. आई खालून ओरडते, "आधी मशीन न्या!"