मुंबई–न्यूयॉर्क: जाताना जास्त वेळ का?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, तो पृथ्वी फिरते म्हणून का, असं दोघांनी विचारलंय. नाही. हवाही पृथ्वीसोबतच फिरते. खरा फरक पडतो तो वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे, म्हणजे जेट स्ट्रीममुळे. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात, येताना १४ च्या आसपास. हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात.

अंतराचं म्हणाल तर सुमारे १२,५५० किमी. पण ते सपाट नकाशावर मोजू नका! घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून जातच नाही. कॅस्पियनच्या उत्तरेने फिनलंड, मग आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. मी मुलीला हे दाखवलं तेव्हा ती दोरा तीनदा सोडून पुन्हा ताणत बसली होती. प्रत्यक्ष मार्ग मात्र वारा आणि बंद हवाई हद्दींप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रवास याहून लांबतो.

आईवडिलांना पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: हिवाळ्यात घड्याळात साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री दीडला निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी उतरतं. औषधांच्या वेळा आधीच कागदावर लिहून द्या.