ईराला जेसीसीत घालावं का? ‘आजोळ’ ग्रुपवरची चर्चा

मृण्मयी: सगळ्यांना नमस्कार. एक सल्ला हवाय. पिट्सबर्गला आम्ही स्क्विरल हिल भागात घर घेतलंय हे तुम्हाला माहीत आहेच. ईरा सप्टेंबरात तीन पूर्ण करेल. घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ ज्यू कम्युनिटी सेंटर आहे, इथे सगळे जेसीसीच म्हणतात. बालवाडी, पोहण्याचे क्लास, उन्हाळी शिबिरं, सगळं एका छताखाली. शेजारच्या दोन्ही घरांतली मुलं तिथेच जातात, त्यातलं एक कुटुंब चिनी आहे. आपण ज्यू नाही, तर तिथे नाव घालणं बरं दिसेल का? आणि पोरीला तिथलं सगळं परकं वाटेल का?

सुहासमामा: मृण्मयी, मोकळेपणाने सांगतो. सेंटर चांगलंच असणार. पण शेवटी ती एका धर्माची संस्था आहे. या वयात मूल जे रोज ऐकतं ते पाठ करतं. ईराला शुभंकरोति यायच्या आधी हिब्रू प्रार्थना येतील. साधी बालवाडी बघ. शिवाय २०१८ मध्ये तुमच्याच भागात गोळीबार झाला होता ना?

वर्षामामी: हो गं, मलाही तेच आठवलं. टीव्हीवर दोन दिवस तेच चालू होतं.

आई: मी तर ते ऐकून रात्रभर झोपणार नाही आता. मृणू, घाई करू नकोस.

केतकीताई: ज्योतीमावशी, काळजी करू नका. मी त्याच भागात राहते आणि माझी दोन्ही मुलं जेसीसीच्या बालवाडीत वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मामा, पहिली गोष्ट म्हणजे जेसीसी हे सिनेगॉग नाही. पूजाअर्चा करायला लोक सिनेगॉगमध्ये जातात. जेसीसीत पोहायला, व्यायामाला, मुलांना सोडायला, व्याख्यान ऐकायला, म्हाताऱ्या आईबाबांना दुपारी सोबत मिळावी म्हणून जातात. आपल्याकडे गावात व्यायामशाळा, बालवाडी, वाचनालय आणि ज्येष्ठ नागरिक संघ एकाच आवारात असावेत तसं आहे ते. सभासद कोणीही होऊ शकतो. माझ्या धाकट्याच्या वर्गात ज्यू मुलं जेमतेम निम्मी असतील, बाकी विद्यापीठात आणि हॉस्पिटलांत काम करणाऱ्या लोकांची, म्हणजे जगभरातली.

सुहासमामा: मग नावात ज्यू कशाला?

केतकीताई: कारण उभं त्यांनी केलं, आणि आजही पैसा आणि मेहनत मुख्यतः त्यांचीच आहे. याचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून सांगते. ही परंपरा १८५४ पासून मोजतात. तेव्हा बाल्टिमोरच्या ज्यू तरुणांनी एक वाङ्मय मंडळ काढलं होतं. पुढे १८८० नंतर रशिया-पोलंडकडून छळाला कंटाळून लाखो ज्यू अमेरिकेत आले. भाषा येत नाही, एका खोलीत दोन दोन कुटुंबं, कामाचे तास अमर्याद. पिट्सबर्गमध्ये अशी माणसं हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या वस्तीत राहायची. तिथे १८९५ मध्ये ज्यू बायकांच्या संघटनेने शाळा काढली, कोलंबियन कौन्सिल स्कूल. तिचंच पुढे आयरीन कॉफमन सेटलमेंट, म्हणजे वस्तीतलं समाजकेंद्र झालं. इंग्रजीचे वर्ग, शिवणकाम, तान्ह्या बाळांची तपासणी, मुलांना खेळायला जागा. आपलं आजचं जेसीसी त्या सेटलमेंटच्या आणि पिट्सबर्गच्याच ओकलंड भागातल्या ज्यू तरुण-तरुणींच्या जुन्या संस्थेच्या एकत्र येण्यातून झालंय. त्या संस्थेची इमारत आता पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहे, बेलफील्ड हॉल. मृण्मयी, तुझा नवरा रोज तिच्यावरूनच जात असेल.

परक्या देशात नवं आलेलं कुटुंब एकटं पडू नये, यासाठी ही जागा निघाली. आज आपण नवे आहोत. तुम्ही तिथे गेलात तर आगंतुक ठरणार नाही.

मृण्मयी: ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या घड्याळाकडे मात्र रोज बघते.

केतकीताई: फोर्ब्ज आणि मरे अॅव्हेन्यूच्या चौकातलं! आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं आहेत त्यावर. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, एकच्या जागी आलेफ, दोनच्या जागी बेथ. माझी मोठी त्या घड्याळावर वेळ बघायला शिकली.

वर्षामामी: केतकी, ते गोळीबाराचं सांग ना.

केतकीताई: सांगते मामी. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवारची सकाळ. ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेली ११ माणसं मारली गेली. बहुतेक वयस्कर होती. ते सिनेगॉग जेसीसीपासून जवळच होतं. त्या दिवशी ज्यांचे आईवडील, भाऊ, नवरा आत होते त्या कुटुंबांना थांबायला जेसीसीने जागा उघडली. पोलीस, रेड क्रॉस, समुपदेशक सगळे तिथेच आले. लोक तासन्‌तास तिथे बसून होते आणि बातमी त्यांना तिथेच कळली. म्हणजे ज्या हॉलमध्ये एरवी मुलांचे कार्यक्रम व्हायचे त्याच इमारतीत. नंतर त्या कुटुंबांसाठी आणि साऱ्या शहरासाठी मानसिक आधाराचं केंद्रही जेसीसीतच सुरू झालं. ‘टेन ट्वेंटीसेव्हन हीलिंग पार्टनरशिप’ हे त्याचं नाव.

मी त्यानंतरच्या सोमवारी मुलीला सोडायला गेले तेव्हा दाराशी सगळे आईबाप एकमेकांना धरून उभे होते. कोण ज्यू, कोण नाही, कोणी विचारत नव्हतं. मी तेव्हा मुलीला काढण्याचा विचारही केला नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर दाराशी माणूस असतो, कार्ड दाखवावं लागतं, मूल कोण नेणार त्यांची नावं आधी लिहून द्यावी लागतात. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, या देशात कुठल्याच शाळेबद्दल तसं म्हणता येत नाही. पण ही माणसं डोळे उघडे ठेवून काम करतात.

आई: वाचून डोळ्यांत पाणी आलं.

शैलामावशी: मी आत्ता बघितला ग्रुप. सुहास, तुला ठाण्याचे आपले शेजारी विसरायला झाले का? बेने इस्राएल होते ते, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. घरात आपल्यासारखीच मराठी, आडनावंही पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी कोकणातल्या गावांची. त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, तेल गाळायचा धंदा करू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग १८७९ चं आहे.

त्या काकूंकडे मलिदा असला की आम्हा मुलांना बोलावणं यायचंच. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं आणि सुकामेवा. आधी एलियाहू हन्नावी, म्हणजे त्यांच्या एलिया प्रेषिताच्या नावाने प्रार्थना, मग ताट सगळ्यांपुढे. आम्ही हात जोडून शेजारी बसायचो. आपल्या आईने कधी जाऊ नका म्हटलं नाही. उलट विचारायची, सगळं नीट खाल्लंत ना.

सुहासमामा: आठवतं मला. त्यांच्या पुरिम सणाला पुरणपोळी असायची तेही आठवतं.

शैलामावशी: मग? आणि त्यांची नातवंडं रविवारी मुंबईला एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये जायची. सण शिकायची, शिबिराला जायची. समाज एवढासा राहिलाय, बहुतेक नातेवाईक इस्राएलला गेले. मुलांना आपल्यासारखी दुसरी मुलं तरी कुठे भेटणार? म्हणून ते आईबाप लोकलने पोरांना घेऊन जायचे.

मृण्मयी: मावशी, हे ईराला नक्की सांगेन. ताई, आता रोजचं सांग. शुक्रवारी वर्गात काहीतरी खास असतं ना, काय करतात नेमकं?

केतकीताई: शुक्रवारी वर्गात शब्बाथची तयारी असते, कारण त्यांचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. छोटं टेबल, पांढरा कपडा, दोन मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि हाला नावाचा वेणीसारखा गुंफलेला ब्रेड. मुलांना कणकेचे तीन दोरे देतात आणि वेणी घालायला लावतात. माझ्या धाकट्याची वेणी व्हायचीच नाही, तो तिन्ही दोरे गोळा करून लाडू करायचा, आणि बाई तो लाडूच भाजून घरी पाठवायच्या. गाणी होतात, आशीर्वादाच्या दोन ओळी हिब्रूत म्हणतात. मामा, हे खरं आहे, त्या ओळी ईराला पाठ होतील. पण घरी दिवेलागणीला शुभंकरोति म्हटलंत तर तेही पाठ होईल. माझ्या मुलांना दोन्ही येतं आणि कुठलं कुठे म्हणायचं ते त्यांना बरोबर कळतं.

एक लक्षात ठेव, हाला ब्रेडमध्ये बहुधा अंडं असतं. तुम्ही अंडं खात नसाल तर आधी सांगून ठेव.

मृण्मयी: आम्ही खातो, पण आई आल्यावर तिलाही विचारेन.

केतकीताई: खाण्याचा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. जेसीसीत कोशरचे नियम पाळतात. डुकराचं मांस, कोळंबी-खेकडे नाहीत, आणि मांस व दूध एकत्र नाही. आपल्या शाकाहारी डब्याला अडचण येऊ नये, तरी बालवाडीचं हँडबुक नीट वाच, सुकामेव्याचेही नियम असतात. वाढदिवसाला घरचा केक किंवा लाडू वर्गात वाटता येत नाहीत, कारण घरचं स्वयंपाकघर कोशर नसतं. दुकानातलं बंद पाकीट न्यायचं, त्यावर कोशरची खूण बघून. गोलात इंग्रजी यू असलेली खूण सगळीकडे मिळते. नाहीतर सरळ फळं.

वर्षामामी: म्हणजे आपण बेसनाचे लाडू पाठवायचे नाहीत?

केतकीताई: घरी पाठवा मामी, घरी हक्काने खाऊ. वर्गात नाही. आणि हे मनापासून पाळायचं. आपल्या देवघरात कोणी चपला घालून आलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सुट्ट्यांचं वेळापत्रकही वेगळं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना म्हणजे त्यांचं नववर्ष आणि योम किप्पूर हा उपवासाचा दिवस, वसंतात पासओव्हरचा सण. त्यांचं पंचांग चांद्र-सौर आहे, आपल्यासारखंच, म्हणून तारखा दरवर्षी हलतात. नोकरीतल्या रजा त्याप्रमाणे आधीच ठरवाव्या लागतील.

सुहासमामा: फी किती?

केतकीताई: इथल्या इतर चांगल्या बालवाड्यांइतकीच, स्वस्त म्हणता येणार नाही. पण मदतीसाठी अर्ज करता येतो, उत्पन्नाचे कागद द्यायचे, गुप्तता पाळतात. आमचं घर एकाच पगारावर चालायचं तेव्हा आम्ही घेतली होती मदत.

मृण्मयी: आणि पोहणं?

केतकीताई: तेच आधी सुरू कर, बालवाडीची वाट बघू नकोस. लहान मुलांच्या क्लासला आई किंवा बाबांनी पाण्यात उतरायचंच असतं. गोल करून उभे राहतात, गाणं म्हणत मुलाला पाण्यावर पुढे-मागे झुलवायचं, मग काठावर बसवून तुमच्या हातात उडी मारायला लावायची. पहिल्यांदा मूल गळ्याला घट्ट मिठी मारून बसतं. शिकवणाऱ्या बाई ओढून काढत नाहीत, म्हणतात राहू द्या, नुसतं पाणी कळू दे. नवऱ्याला पाठव पाण्यात. आमच्याकडे ह्यांनी मुलांना पोहायला शिकवलं आणि त्यात त्या तिघांचं जे जमलं ते अजून टिकून आहे.

उन्हाळ्यात मन्रोव्हिलला दिवसाचं शिबिर असतं, मोठं मोकळं आवार आहे. मोठी झाली की राहायचं शिबिरही आहे, वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनजवळ, १९०८ पासून चालू असलेलं. ते पुढचं पुढे.

पण मृण्मयी, एक आग्रहाने सांगते. तलाव वापरला आणि घरी आलो, असं करू नकोस. बरीच बाहेरची कुटुंबं तसं करतात आणि मग म्हणतात इथे ओळखी होत नाहीत. पुरिमच्या जत्रेला जा, ईराला नऊवारी नेसव, त्या दिवशी सगळेच वेष करून येतात. हनुका या त्यांच्या दिव्यांच्या सणाला दिवे लावायला थांब. स्वयंसेवक हवेत म्हणून यादी लागते, त्यात नाव लिही. त्यांनी दार उघडं ठेवलंय, आपण आत जाऊन बसायला हवं.

आई: मी नोव्हेंबरात येतेय सहा महिन्यांसाठी. मला तिथे काही करता येईल का? मागच्या वेळी थंडीत खिडकीत बसून बसून जीव गेला होता.

केतकीताई: ज्योतीमावशी, हे तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं! पाहुण्यांसाठी काय पास मिळतो ते मृण्मयीने विचारावं. आत चालायला जागा आहे, बर्फात बाहेर पडायला नको. ज्येष्ठांचे खुर्चीवर बसून करायचे व्यायाम असतात, पाण्यातले व्यायाम असतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, तिथल्या कित्येक आज्या रशियन बोलतात, सोव्हिएत युनियनमधून आलेल्या. एकमेकींशी खुणांनी छान जमतं. माझ्या सासूबाई विणकाम घेऊन बसायच्या, त्यांच्याभोवती चौघी जमायच्या.

आई: मग मृणू, तू घाल ईराला. सोडायला-आणायला मी आहेच.

सुहासमामा: माझी एकच अट. महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर ईराकडून मी श्लोक म्हणून घेणार. बाकी तुमची तयारी असेल तर माझी हरकत नाही. शैला, तू ठाण्याचं काढलंस म्हणून बोलतोय.

मृण्मयी: मामा, महिन्यातून दोनदा कशाला, दर रविवारी. ताई, मंगळवारी सकाळी बालवाडी बघायला वेळ मिळालीय, आत्ताच मेल आली. तू येशील का बरोबर?

केतकीताई: येते. साडेनऊला घड्याळाखाली उभी राहा. ओळखपत्र आण, दोघांचंही. आणि लसीकरणाची नोंद लागेल, भारतातली जुनी असेल तर तीही.

मृण्मयी: ती पुण्यालाच राहिली, निळ्या फायलीत. आई, फोटो काढून आजच पाठवशील?

आई: आत्ता कपाट उघडते.