आईच्या हिरड्यांना लेझर की टाके?

गिरणाकाठ:
आई ६२ वर्षांची, चाळीसगावला असते. पायरिया जुना. खालच्या दाढांपाशी दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची, म्हणजे खिशाची, खोली ६ ते ७ मिलिमीटर निघाली. निरोगी हिरडीत ती ३ पर्यंत असते. दोनदा खोल सफाई झाली, तरी ब्रश केला की रक्त येतंच. आता एक डॉक्टर म्हणतात, हिरडी उघडून साफ करू, टाके घालू. जळगावचे दुसरे म्हणतात, लेझरने करू, चिरफाड नाही, दुसऱ्या दिवशी भाकरी खा. माझं मत लेझरच. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, मग हिरडीलाच ब्लेड कशाला?

दादरची_भाकरी:
भाऊ, ‘दुसऱ्या दिवशी भाकरी’ इथेच मला शंका आली. लेझर कुठला, ते विचारलं का? बहुतेक दवाखान्यांत डायोड असतो. त्याने रक्त कमी जातं, जंतूही मरतात, मान्य. पण मुळाला चिकटलेलं कीट त्याने निघत नाही, ते हत्यारानेच खरवडावं लागतं. ७ मिलिमीटर खोल, त्यात दाढेच्या दोन मुळांची बेचकी! न बघता काय खरवडणार? हिरडी उघडतात ती तिथे नजर पोचावी म्हणून. भरताचं वांगं वरून कितीही तुकतुकीत असू दे, आपण चीर देऊन आत कीड बघतोच ना?

रावेरची_केळी:
वांग्याला दुखत नाही हो! माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, गोळ्या न थांबवता लेझर केलं. रक्त नावापुरतं. सहा महिन्यांनी ६ चे ४ झाले. आणि ही काही जादूटोण्याची गोष्ट नाही. अमेरिकेत एनडी-याग नावाच्या लेझरने हिरड्यांवर उपचार करायच्या लॅनॅप पद्धतीला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी २००४ सालीच मिळाली आहे.

दादरची_भाकरी:
ती मंजुरी त्या मशीनला आणि त्या ठरलेल्या पद्धतीला. डायोड वेगळा. आपल्याकडे बोर्डावर नुसतं ‘लेझर’ लिहिलं की झालं. शिवाय लॅनॅपमध्येही मुळं खरवडतातच. अमेरिकेतल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सगळे अभ्यास तपासले, तेव्हा नेहमीच्या सफाईला लेझरची जोड दिल्याचा जादा फायदा १ मिलिमीटरच्या आतच निघाला. तुमच्या वडिलांचे ६ चे ४ लेझरने झाले की खरवडण्याने?

रावेरची_केळी:
कशानेही होवोत, झाले ना! टाक्यांच्या भीतीने माणूस डॉक्टरकडे जातच नाही, त्यापेक्षा हे बरं. तुमचा मिलिमीटर तुमच्याकडे ठेवा.

तंबाखू_सुटली_एकदाची:
दोघं भांडताय, पण माउली मशेरी लावते का, साखर किती, हे कुणी विचारलं? माझी धुळ्याला हिरडी उघडून सफाई झाली होती, उत्तम झाली होती. तंबाखू मात्र चालूच ठेवली. दीड वर्षात खिसे परत खोल. वर तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि आपण समजतो बरं झालं. चूक माझीच, सर्जनची नाही. खर्चाचं म्हणाल तर डेंटल कॉलेजात हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, खासगीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

गिरणाकाठ:
वर्मावर बोट ठेवलंत. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ आहे, म्हणजे जास्तच. मशेरी ती दर आखाजीला सोडते आणि आठवडाभरात परत धरते. जळगावला फोन केला, लेझर डायोडच आहे. दाढेच्या मुळांमधल्या बेचकीचं विचारलं, तर ‘आधी करून तर बघू’ म्हणाले. ‘करून बघू’साठी एवढे पैसे मोजायला मन होत नाही, एवढं दादरवाल्यांचं मला पटलं. पुढच्या दाताचं मात्र अजून वाटतं, लेझर चालेल. आईला धुळ्याच्या कॉलेजचं सांगितलं, तर म्हणते, “दात पडना ते पडू दे, पन टाका नको.” आता तिची समजूत कोण घालणार?

रावेरची_केळी:
माझ्या वडिलांशी फोनवर बोलणं करून देतो. फक्त मशेरीचा विषय काढू नका, ते स्वतःच लावतात.