चाळिशीनंतरची वाढ
चाळिशी उलटल्यावर स्वभाव बदलत नाही, असे अनेकजण म्हणतात; मला ते पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या माणसाच्या मानसिक वाढीच्या आठ टप्प्यांपैकी शेवटचे तीन प्रौढपणाचेच आहेत, आणि पुढच्या पिढीसाठी झटायचे की साचून राहायचे, हा त्यांच्या मते मध्यमवयातला मुख्य पेच असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा कुंपणाच्या भिंतीवरून ज्यांच्याशी माझा सहा वर्षे अबोला होता, त्याच शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार दिवस काढले. काकूंनी पहिला चहा माझ्या आईच्या हातात दिला. अर्थात, संकटाने शहाणपण आपोआप येत नाही (अधिक कडवट झालेली माणसेही मी पाहिली आहेत); पाणी ओसरल्यावर माझे काय चुकले ते मी काकांकडून मध्ये न बोलता ऐकून घेतले, आणि माझ्यात फरक पडू लागला तो तेव्हापासून.